खांबापासून उंबऱ्यापर्यंतची तार

शेतकऱ्यांच्या मासिकात उसाची लागण, खोडव्याचे खत, जनावरांचे आजार आणि कारखान्याचा दर ह्यांविषयी लेख यावेत, हे योग्यच होय. विजेविषयी काही आलेच तर ते बहुधा बिलाविषयी किंवा रात्रीच्या पाळीविषयी असते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने शेतीपंपांच्या वीजबिलांच्या प्रश्नावर मोर्चे काढले, सभा भरविल्या, आणि कै. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या मागे उभे राहून सरकारास आपले म्हणणे ऐकावयास लाविले. दराचा एक पैसा वाढला तर आपण जागे होतो. परंतु ज्या तारेतून ही वीज रस्त्यावरच्या खांबावरून आपल्या सोप्याच्या भिंतीपर्यंत येते, ती तार किती उंचीवर आहे, कशाच्या आधाराने आहे आणि कोणाच्या जबाबदारीवर आहे, हा प्रश्न आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

सदर तारेस गावोगाव 'सर्व्हिस वायर' असे म्हणतात. खांबावरील तारा कंपनीच्या, हे सर्वांस कळते. घरातील दिवे व बटणे आपली, हेही सर्वांस कळते. मधली तार मात्र दोन वाटण्यांमधील बांधासारखी झाली आहे. कंपनीस वाटते की ती ग्राहकाच्या दारात आहे, म्हणून ग्राहकाने पाहावी; ग्राहकास वाटते की तीतून येणारी वीज कंपनीची, म्हणून कंपनीने पाहावी. बांधावर तण माजते ते ह्याच कारणाने. तणाने मनुष्य मरत नाही. तारेने मरतो, एवढाच काय तो फरक.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2021 आणि 2022 ह्या दोन्ही साली आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरसाल बारा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. ह्यांत गिरणीतील अपघात आहेत, शेतातील आहेत आणि घरातीलही आहेत. एखाद्या साथीने दरसाल इतके बळी घेतले असते तर गावोगाव दवंडी पिटली गेली असती. विजेचा मृत्यू एकेका घरात एकेकटा येतो, म्हणून त्याची दवंडी होत नाही.

कित्येकांची अशी समजूत आहे की ह्या बाबतीत नियमच नाहीत, आणि जे आहेत ते शहरांसाठी आहेत. ही समजूत साफ चुकीची आहे. विजेचा व्यापक कायदा 1910 साली झाला. त्याखालील नियम 1937 साली व नंतर 1956 साली झाले. पुढे 2003 साली नवा वीज कायदा आला आणि त्यान्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षिततेचे विनियम 2010 मध्ये व पुन्हा 2023 मध्ये काढले. कायद्याचे नाव बदलले, कलमांचे क्रमांक बदलले. पण 1956 च्या नियमांत तारांच्या उंचीची जी मापे घातली, तीच 2010 च्या विनियमांत जवळजवळ जशीच्या तशी उतरली. ती मापे शेतकऱ्यास समजतील अशी फुटांत खाली देतो.

रस्ता ओलांडून जाणारी कमी दाबाची तार, म्हणजे आपल्या घरगुती विजेची तार, कोठेही 5.8 मीटरच्या, म्हणजे 19 फुटांच्या खाली असता कामा नये. रस्त्याच्या कडेने जाणारी तार 5.5 मीटरच्या, म्हणजे 18 फुटांच्या खाली नसावी. रस्ता सोडून इतरत्र, म्हणजे अंगणात, परड्यात किंवा मळ्यात, उघडी तार 4.6 मीटर म्हणजे 15 फूट, आणि आवरण असलेली तार 4 मीटर म्हणजे 13 फूट तरी उंच असली पाहिजे. 1956 च्या नियमात 'सर्व्हिस वायर धरून' असे शब्द स्पष्टपणे घातलेले होते. तेव्हा ही मापे मोठ्या लाइनीची आहेत, घराच्या तारेस ती लागू नाहीत, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे.

घराच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. घरावरून तार गेली तर छपराच्या सर्वांत उंच भागापासून ती 2.5 मीटर, म्हणजे सव्वाआठ फुटांच्या आसपास वर असावी. आणि घराशेजारून गेली तर भिंतीपासून 1.2 मीटर, म्हणजे चार फूट दूर असावी. माप घ्यावयाचे तेही तारेस जास्तीत जास्त झोळ आला असता आणि वाऱ्याने ती जास्तीत जास्त झुकली असता. चैत्रातल्या उन्हात तार तापून खाली येते आणि वळवाच्या वाऱ्यात हेलकावे खाते. त्या दिवशीचे माप खरे, थंडीतल्या शांत सकाळचे नव्हे.

आता कोणी विचारील की, तार घराच्या भिंतीवर यावयाचीच आहे, तर ती चार फूट दूर कशी राहील? नियमाने त्याचाही विचार केला आहे. जी तार ह्या अंतराच्या आत येते ती पुरेशा आवरणाची असली पाहिजे, आणि निदान 350 किलो ताण सोसेल अशा उघड्या आधारतारेस ती जागोजागी बांधलेली असली पाहिजे. शिवाय ती आधारतार जमिनीशी जोडलेली, म्हणजे 'अर्थिंग' केलेली असली पाहिजे. ह्या शेवटच्या अटीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्या गावात सर्व्हिस वायरीस लोखंडी तारेचा आधार पुष्कळ ठिकाणी असतो. परंतु तो आधार जमिनीशी जोडलेला किती ठिकाणी आहे? उन्हापावसाने वायरीचे आवरण तडकले आणि आतील तांबे किंवा ॲल्युमिनियम त्या लोखंडी तारेस टेकले, तर जोडलेल्या आधारतारेतून वीज जमिनीत जाऊन फ्यूज उडण्याचा संभव असतो. न जोडलेल्या आधारतारेत मात्र ती तशीच वाट पाहत बसते. मग ती तार ज्या पत्र्यास, ज्या खिळ्यास, ज्या लोखंडी नळीस टेकली असेल, ते सर्व जिवंत होते.

ह्याच जातीची आणखी दोन कलमे आहेत. एक, सर्व्हिस वायर खांबावरूनच काढावी, दोन खांबांच्या मधल्या तारेवरून काढू नये. आणि कमी दाबाच्या एका तारेवरून एका ठिकाणी चारांपेक्षा अधिक जोड काढू नयेत. आपल्या गल्लीतील एखाद्या खांबाकडे मान वर करून पाहावे, आणि सुगरणीच्या खोप्यासारखा जो गुंता दिसतो तो ह्या कलमाशी ताडून पाहावा. दुसरे, खांबास ओढून धरणारी जी ताणतार जमिनीत पुरलेली असते, ती एकतर अर्थिंग केलेली असावी किंवा तिच्यात जमिनीपासून 3 मीटर, म्हणजे दहा फुटांवर चिनी मातीचा अंडाकृती चिमणीवजा तुकडा बसविलेला असावा. तो तुकडा शोभेचा नव्हे. वरची वीज ताणतारेत उतरली तर ती त्या तुकड्यापाशी थांबावी, म्हणून तो आहे. आपण त्याच ताणतारेस म्हैस बांधतो, आणि तिच्यापासून घरापर्यंत कपडे वाळविण्याची तार ओढतो. पावसाळ्यात ओले लुगडे त्या तारेवर टाकावयास गेलेली घरची लेक-सून परत आली नाही, अशा बातम्या आपण दरसाल वाचतो आणि 'नशीब' म्हणून पान उलटतो. ते नशीब नव्हे. लोखंडी तारेच्या जागी काथ्याची किंवा नायलॉनची दोरी बांधली असती तर ते नशीब बदलले असते, आणि त्यास पन्नास रुपये पुरले असते.

आता प्रश्न असा की, तार मुळात नियमाप्रमाणे बांधली होती, तर ती खाली आली कशी? तार खाली येते ती एका दिवसात नव्हे. खांब वाकतो, खड्ड्यातील भराव धुपतो, तारेस झोळ पडतो. पण माझे म्हणणे असे आहे की पुष्कळ ठिकाणी तार खाली आलेली नसून जमीन वर गेलेली आहे. गल्लीत आधी मुरूम पडला, मग खडी पडली, मग डांबर झाले आणि त्यावर सिमेंटचा थर आला. प्रत्येक कामाच्या वेळी रस्ता चार-सहा बोटे चढला. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खडी, सिमेंट आणि मजुरी ह्यांच्या बाबी असतात. वरच्या तारेची उंची ही बाब कोणी घालीत नाही. 19 फुटांची तार ह्या रीतीने साडेसतरा फुटांवर येते आणि कोणीही तिला हात लावलेला नसतो.

त्याच रस्त्याने हंगामात उसाची ट्रॉली जाते. समजा, भरलेल्या उसाचा माथा जमिनीपासून तेरा फुटांवर आहे आणि दोर आवळण्यासाठी एक मनुष्य त्यावर उभा आहे. त्याचे डोके साडेअठरा फुटांवर जाते. नियमाने 19 फूट का सांगितले, ह्याचे कारण ह्या साध्या बेरजेत आहे. नियम करणाऱ्यांनी हवेत आकडा फेकला नव्हता. माल भरलेले वाहन आणि त्यावरील मनुष्य ह्यांना जागा ठेवली होती. ती जागा आपण खालून खाल्ली.

काही ठिकाणी घरच वर गेले आहे. वडिलांच्या वेळी कौलारू घर होते, तेव्हा तार योग्य अंतरावर होती. मुलाने स्लॅब घातला, नातवाने वर खोली चढविली, त्यावर पाण्याची टाकी बसविली आणि आता सौर पट्ट्या बसविण्यासाठी माणसे वर चढू लागली. तार होती तेथेच आहे, पण आता ती गच्चीवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातास लागते. ह्या बाबतीत दोष कंपनीवर ढकलता येणार नाही. लाइनीखाली किंवा लाइनीजवळ नवे बांधकाम अथवा वाढीव बांधकाम करणाराने वीजपुरवठा करणारास व विद्युत निरीक्षकास अगोदर लेखी कळविले पाहिजे, असा नियम 1956 पासून आहे. तार हलविण्याचा योग्य खर्च त्यास सोसावा लागतो. घरास काही लाख खर्च करणारा मनुष्य ह्या एका अर्जाचा कंटाळा करतो, आणि सेंट्रिंगच्या सळ्या वर चढविताना गवंड्याच्या मजुराचा जीव जातो. मजूर परगावचा असतो, त्याची बायको-पोरे आपल्या गावच्या सभेत येऊन बोलत नाहीत. पण त्या मृत्यूचे ओझे घरमालकाच्या माथी राहते, हे विसरता कामा नये.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, ती म्हणजे महापूर. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पंचगंगेने व कृष्णेने करवीर, हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील गावे वेढली, ते सर्वांच्या स्मरणात आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांस इशारा व 43 फुटांस धोका समजतात; 2019 साली पाणी 55 फुटांच्याही वर गेले. अशा वेळी गल्लीत दहा फूट पाणी असेल तर 18 फुटांवरची तार पाण्यापासून आठच फुटांवर राहते, आणि तिच्या खालून माणसांनी भरलेली नाव जाते. नावेत उभा राहून काठी रेटणाऱ्या मनुष्यास त्या तारेचे भय आहे. वीज बंद असेल अशी आशा धरणे ही सुरक्षितता नव्हे. म्हणून नदीकाठच्या गावांनी उंचीचा नियम डोंगराकडील गावांपेक्षा अधिक कसोशीने पाळून घेतला पाहिजे. तसेच पूर ओसरल्यावर मीटरच्या फळीत, बटणांत व भिंतीतील नळ्यांत ओल राहते. घर धुऊन काढताच दिवा लावून पाहण्याची घाई करू नये. परवानाधारक माणसाकडून वायरिंग तपासून घ्यावे, मगच मुख्य बटण दाबावे.

इतके सांगून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. मधली तार कोणाची? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. वीजपुरवठ्याचा आरंभबिंदू म्हणजे ग्राहकाने बसविलेल्या मुख्य बटणाचे किंवा कटआऊटचे येणाऱ्या तारेकडील टोक. तेथपर्यंत जे काही वीज देणाराच्या मालकीचे किंवा त्याच्या ताब्यातील आहे, ते सुरक्षित स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याची. आणि तेथून आत जे आहे ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची. ग्राहकाच्या आवारातील कंपनीच्या सामानाची शक्य तितकी राखण करणे हेही ग्राहकाचे काम आहे. शिवाय ग्राहकास उपयोगी पडेल असे अर्थिंगचे टोक मीटरजवळ देणे व ते नीट राखणे, हे वीज देणाराचे काम म्हणून नियमात सांगितले आहे. हीच ती हद्द. मोजणीदाराने दगड रोवावा इतकी ती स्वच्छ आहे.

हद्द कायद्यात स्वच्छ असली तरी कज्जा उद्भवला म्हणजे कागद लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या एका प्रकरणात दिलेला निकाल येथे सांगण्यासारखा आहे. 1997 च्या ऑगस्टात एक कामगार रात्री सायकलवरून जात होता. पावसाचे पाणी रस्त्यावर साचले होते, त्यात तुटलेली जिवंत तार पडली होती, तीवर सायकल गेली आणि तो मनुष्य मरण पावला. मंडळाचे म्हणणे असे की कोणी परक्याने चोरून वीज घेण्यासाठी ती तार ओढली होती, सबब आमचा दोष नाही. न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले नाही. इतकी धोकादायक वस्तू जो लोकांच्या वस्तीतून वाहून नेतो, त्याने निष्काळजीपणा केला की नाही हे पाहण्याची गरज नाही. अनर्थ झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आहे, असे न्यायालयाने ठरविले. हा निकाल आपल्या बाजूचा आहे. परंतु निकालाने मनुष्य परत येत नाही, आणि तारीख पडत पडत न्यायालयापर्यंत जावयास किती वर्षे लागतात हे जमिनीचे दावे लढलेल्या शेतकऱ्यास मी सांगावयास नको.

मी महसूल खात्यात कारकुनी केली. विजेने दगावलेल्या माणसांचे व जनावरांचे, तसेच जळालेल्या पिंजराच्या गंजींचे पंचनामे माझ्या टेबलावरून गेले. त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसे. पंच लिहीत, 'तार फार दिवसांपासून लोंबत होती.' नातेवाईक सांगत, 'आम्ही वायरमनला दहा वेळा सांगितले होते.' परंतु सांगितल्याचा एकही कागद नसे. तोंडी सांगणे म्हणजे वाऱ्यावर सांगणे होय. वायरमन बदलून जातो, अधिकारी बदलून जातो, आणि सांगितलेले शब्द त्यांच्याबरोबर जातात. अर्जाची पोच मात्र आपल्या ट्रंकेत राहते.

सबब माझी सूचना अशी आहे. पिकाची पाहणी जशी दरसाल होते, तशी तारांची पाहणी दरसाल व्हावी. 2021 सालापासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करू लागला आहे; मग आपल्या दारातील तारेची नोंद त्याने स्वतः का करू नये? दरसाल वैशाखात, वळवाच्या आधी, गावच्या सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून ही पाहणी करावी. साध्या वहीत सात रकाने पाडावेत: ग्राहक क्रमांक, खांब कोठे आहे, तार रस्ता ओलांडते की नाही, अंदाजे उंची, आवरण व आधारतार ह्यांची स्थिती, छपरापासून व भिंतीपासून अंतर, शेरा. प्रत्येक दोषाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. दोषांची यादी एका अर्जास जोडून वीज कार्यालयात द्यावी आणि शिक्क्यानिशी पोच घ्यावी. तातडीचा धोका असेल तर 1912 ह्या क्रमांकावर कळवावे व तक्रारीचा क्रमांक त्याच वहीत टिपून ठेवावा.

उंची मोजण्यासाठी बांबू, लोखंडी पट्टी किंवा टेप तारेकडे नेण्याचे धाडस कोणीही करू नये. सावलीने माप निघते. उन्हाच्या वेळी सहा फुटांची काठी सरळ उभी धरून तिची सावली मोजावी. लगेच तारेच्या बरोबर खालील जागेपासून, काठीची सावली ज्या दिशेस पडली त्याच दिशेने, तारेच्या सावलीपर्यंतचे अंतर मोजावे. काठीची सावली चार फूट आणि तारेचे अंतर दहा फूट भरले तर तार पंधरा फुटांवर आहे. रस्ता ओलांडणारी तार इतकी खाली असेल तर ती नियमापेक्षा चार फूट कमी आहे, हे शाळेतला मुलगाही सांगेल. हे माप अंदाजाचे खरे. पण अर्जात 'तार फार खाली आहे' असे लिहिण्यापेक्षा 'तार सुमारे पंधरा फुटांवर आहे, नियमाप्रमाणे 19 फूट पाहिजे' असे लिहिले म्हणजे वाचणाऱ्या अधिकाऱ्याची लेखणी निराळी चालते.

ह्यावर दोन-तीन आक्षेप येतील. पहिला असा की, हे काम कंपनीचे आहे, आपण फुकट का करावे? काम कंपनीचेच आहे, आणि ते तिच्याकडूनच करून घ्यावयाचे आहे. आपण फक्त नोंद करावयाची. पुन्हा, एका गावाची यादी एकत्र गेली म्हणजे कंपनीसही सोयीचे होते. एकेका घरासाठी माणूस पाठविण्यापेक्षा एका दिवसात वीस खांबांचे काम उरकते. वायरमन हा आपला वैरी नव्हे. पावसापाण्यात खांबावर चढणारा तोही कोणाचा तरी मुलगा आहे, आणि खांबावरील गुंता त्याच्याही जिवावर येतो.

दुसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण मनात असतो: पाहणी झाली तर आकडे उघडे पडतील. ह्यास माझे उत्तर असे की, उघडे पडावेत. आकडा टाकणारा मनुष्य कंपनीची वीज चोरतो एवढेच नव्हे. तो अर्थिंगशिवाय, फ्यूजशिवाय, उघड्या टोकाची तार साऱ्या गल्लीच्या डोक्यावर टांगून ठेवतो. 2003 च्या कायद्यात त्यास कैदेची तरतूद आहे. दहा प्रामाणिक घरांनी एका आकड्यासाठी गप्प बसावे आणि मग तक्रार करावयास तोंड राहू नये, हा व्यवहार तोट्याचा आहे. वस्ती गरिबांची असेल तर त्यांस रीतसर जोड मिळवून देण्यासाठी सोसायटीने अर्ज लिहून द्यावेत. तसेच जेथे आकड्यांचा व गुंत्याचा उपद्रव फार आहे तेथे उघड्या तारांऐवजी आवरणाची एकत्र पिळलेली एबी केबल टाकावी, अशी मागणी करावी. तीवर आकडा टाकता येत नाही आणि हात लागला तरी सहसा जीव जात नाही.

तिसरा आक्षेप असा की, अर्ज देऊनही काही होत नाही. पुष्कळदा असा अनुभव येतो, हे मी नाकारीत नाही. पण अर्ज हा पहिला पायंडा आहे, शेवटचा नव्हे. वीज कार्यालयाने दाद न दिल्यास कोल्हापूर परिमंडळाचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. आणि सुरक्षिततेच्या बाबतीत राज्य सरकारच्या विद्युत निरीक्षकाकडे जाता येते. अपघात घडलाच तर त्याची चौकशी हाच निरीक्षक करतो आणि त्याच्या अहवालावर भरपाईचे पुष्कळ अवलंबून असते. तेथे आपल्या वहीचे ते एक पान साक्षीदाराचे काम करील.

आता आपल्या हद्दीच्या आतील कर्तव्य. मुख्य बटणापासून आत जे आहे ते आपले आहे आणि त्याबद्दल कंपनीस बोल लावता येत नाही. घरातील फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअर निर्धास्त जाऊ देतो, आणि मनुष्याचा प्राण घेण्यास एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. म्हणून गळती होताच, म्हणजे 30 मिलिअँपिअरला, पुरवठा तोडणारे यंत्र मुख्य बटणाजवळ बसवावे. त्यास बाजारात आरसीसीबी म्हणतात. अर्थिंगचा खड्डा करून त्यात नळी किंवा पत्रा पुरावा आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी ओतावे. आपल्या मुरमाड जमिनीत कोरड्या अर्थिंगचा उपयोग नसतो. न्यूट्रलच्या तारेस अर्थिंग समजून तीवर भांडे धुण्याचे यंत्र किंवा पाण्याची मोटार जोडू नये, आणि न्यूट्रलमध्ये निराळा फ्यूज घालू नये. सर्व्हिस वायरीखाली पिंजराची किंवा कडब्याची गंज रचू नये. काम करून घ्यावयाचे ते परवानाधारकाकडून, आणि त्याने दिलेला चाचणीचा दाखला घरपट्टीच्या पावतीबरोबर जपून ठेवावा.

कोणी म्हणेल की एका तारेसाठी इतका खटाटोप कशास? शेतकरी बंधूंनी स्वतःशीच विचार करावा. बांधावरून हातभर जमीन गेली तर आपण मोजणी आणतो, वकील लावतो आणि दोन पिढ्या भांडतो. ती जमीन गेली तरी पुढे मिळविता येते. ज्या तारेखालून आपली मुले रोज शाळेस जातात, तिची चार फूट उंची गेली तर त्याची मोजणी मात्र आपण कधी मागितली नाही. येत्या वैशाखात ती मागावी. एका गावाने एका वहीपासून आरंभ केला तर शेजारचे गाव पाहील, आणि तालुक्याच्या वीज कार्यालयात दहा गावांच्या दहा याद्या शिक्क्यानिशी पडल्या म्हणजे त्यांस उत्तर द्यावे लागेल. आपल्या संघाच्या शाखांनी हा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि वहीचे रकाने छापून सभासदांस वाटावेत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.